ओढ्याजवळ लाईन पुन्हा पुन्हा फुटते? चर खणण्याआधी पंपघर आणि माळावरचा एअर वॉल्व्ह बघा

विहिरीवरून टाकीकडे जाणारी मुख्य लाईन एकाच पट्ट्यात सारखी फुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा त्या पट्ट्यात नसतो. तो पंपघरात असतो, नाहीतर लाईन चढून जिथं पुन्हा उतरते त्या उंचवट्यावरच्या एअर वॉल्व्हमध्ये, म्हणजे लाईनीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेत असतो. फुटते ती जागा सगळ्यात कच्ची असते, म्हणून दणका तिथं निघतो. मी बरीच वर्षं गावोगावच्या नळयोजनांच्या दुरुस्त्या करतो. सुरुवातीची काही वर्षं मीही फुटलं तिथं खणायचं, कॉलर बसवायची, चर बुजवायचा, एवढंच करत होतो. पुढे सांगतोय त्या गावाने माझी पद्धत बदलली.

गाव बार्शी भागातलं, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. पाझर तलावाखालच्या विहिरीतून पाणी उचलायचं आणि गावातल्या एक लाख लिटरच्या उंच टाकीत टाकायचं. लाईन २,४०० मीटर, ११० मिलिमीटरची, ६ किलोची (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो दाब सोसणारी) पीव्हीसी. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ३० मीटर. वाटेत नऊशे मीटरवर ओढा लागतो, तिथून चढ सुरू होतो आणि दीड किलोमीटरवर माळ येतो. माळावरून लाईन थोडी खाली उतरून पुन्हा गावाकडे चढते.

एका वर्षात ही लाईन आठ वेळा फुटली. आठही वेळा ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या शंभर-शंभर मीटरांत. प्रत्येक वेळी तोच क्रम: जेसीबी बोलवा, चरातलं पाणी उपसा, पाइप कापा, जोड द्या, बुजवा. दोन दिवस गावाला पाणी नाही. तळ्याच्या बाजूला हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांची रांग लागायची आणि त्यात शाळेच्या गणवेशातल्या पोरीही असायच्या. ते बघून मला फार लागलं. जोड मी दिला होता आणि तो पुन्हा फुटणार हे मलाही आतून माहीत होतं.

गावात कारणं दोन सांगितली जायची. एक, ठेकेदाराने पाइप हलका घातला. दुसरं, काळी माती वाईट, ती पाइप ओढते. काळी माती पाइप हलवते हे खरंच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून वर येते. पण मातीच्या हालचालीने फुटणारी लाईन ऋतू बदलताना फुटते, आणि काळ्या रानात कुठेही फुटते. आठही वेळा त्याच दोनशे मीटरांत, आणि तीही बाराही महिने, हे मातीचं काम नव्हे.

फुटलेला तुकडा फेकू नका

चरातून निघालेला तुकडा आपण बांधावर फेकून देतो. तो धुऊन घरी आणा. लाईन का फुटली हे तो तुकडा बऱ्यापैकी सांगतो.

पाइप लांबीला उभा चिरला असेल, हातभर किंवा त्याहून मोठी सरळ चीर असेल, तर आतल्या दाबाने फुटला. एक तर दणका बसतोय, किंवा पाइप उन्हात पडून कडक झालेला होता. आडवा, काकडी मोडावी तसा तुटला असेल तर खालून आधार नव्हता, वरून ट्रॅक्टर गेला, किंवा माती हलली. जोडातून पाइप साफ बाहेर निघाला असेल आणि सॉल्व्हंटचा (पाइप चिकटवायच्या द्रावणाचा) थर नखाने सोलून निघत असेल, तर जोड ओल्यावर किंवा मातकट हाताने दिलेला आहे. रुपयाएवढं गोल भोक असेल आणि पाइपच्या बुडाला असेल तर चराच्या तळात दगड राहिलाय. त्या दगडाचा ठसा पाइपवर दिसतोच. बाहेरून गुळगुळीत, चाटल्यासारखी झीज असेल तर शेजारची एखादी जुनी गळती वाळूसकट पाण्याची धार त्यावर मारत होती. अशा वेळी एकाच चरात दोन दुरुस्त्या असतात आणि आपण एकच करून येतो.

या गावाचे मला मिळालेले तीनही तुकडे उभे चिरलेले होते. चौथ्या ठिकाणी बेंडाचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याचा, जोड निघाला होता. म्हणजे दाब. पण मोटार चालू असताना पंपाजवळ दाब साडेपाच किलोच्या आत, पाइप सहा किलोचा. मग जास्तीचा दाब येतो कुठून?

कधी फुटते, ते विचारा

हे उत्तर गावात एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. वॉलमन मामा, साठीच्या पुढचे. रोज तेच मोटार चालू-बंद करणार, तेच टाकीवर चढून पाणी बघणार. मी बसून विचारलं, "मामा, फुटते तेव्हा तुम्ही काय करत असता?" ते म्हणाले, "दादा, मोटार चालू असताना कधी फुटली न्हाई बगा. लाईट गेली, मग आली, मोटार आपोआप लागली, आन टाकीत पाणीच येईना. मग मी वळखतो, गेली वड्याला."

आठ दुरुस्त्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तुमच्या योजनेत असा माणूस असतोच. आधी त्याच्याजवळ बसा, मग कुदळ उचला.

जमलं तर एक साधी वही ठेवा. तारीख, कळलं ती वेळ, जागा, तुकडा कसा फुटला, आणि त्याच्या आधी लाईट गेली होती का. चार-पाच नोंदींत चित्र दिसायला लागतं. लाईट जाण्या-येण्याशी फुटण्याचं नातं जुळलं, तर पुढचं वाचा. जुळलं नाही, तर वर सांगितलेल्या तुकड्यांच्या खुणांवरून शोधा. तुमचं कारण बहुधा जोड, चर किंवा माती यांत आहे.

लाईट गेल्यावर लाईनीत काय होतं

या लाईनीत भरलेलं पाणी सुमारे २० टन. म्हणजे भरलेले दोन ट्रक, आणि ते सेकंदाला एक मीटर वेगाने टाकीकडे चाललेत. लाईट गेली की पंप दोन-तीन क्षणांत थांबतो, पण पाणी थांबत नाही. ते पुढे जातच राहतं आणि मागे पंपाजवळ दाब एकदम कोसळतो. ही दाब कोसळल्याची लाट पाइपमधून धावत जाते. पीव्हीसीमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण ४०० मीटर असतो. माळावर मुळातच दाब कमी, तिथं ती पोचली की पाण्याची दोरी तुटते. अलीकडचं पाणी विहिरीकडे घसरतं, पलीकडचं टाकीकडे जाऊन परत फिरतं, आणि मधे पोकळी पडते.

आता घसरणारं पाणी खाली येऊन पंपाजवळच्या नॉन-रिटर्न वॉल्व्हवर (एनआरव्ही, पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) आदळतं. एनआरव्ही वेळेवर बंद झाला असेल तर धक्का सौम्य असतो. झडप ढिली असेल, तर पाणी उलटं पळायला लागल्यावर ती जाऊन आपटते, आणि पळतं पाणी जागच्या जागी थांबतं. तिकडे माळावर दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांवर आदळून पोकळी मिटते, तो आणखी एक दणका. यालाच पुस्तकात जलाघात म्हणतात. मामा म्हणायचे, "लाईन उलटी मारती."

हिशोब फार सोपा आहे. लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगात झालेला फरक, भागिले ९.८१, की दणक्याची उंची मीटरमध्ये येते. ४०० गुणिले १ भागिले ९.८१, म्हणजे ४० मीटर, म्हणजे ४ किलो. लाईन शांत उभी असताना विहिरीजवळ ३ किलो दाब असतोच. त्यावर हे ४ चढले की ७ झाले, आणि माळावरचा दणका त्यात मिसळला तर त्याहून जास्त. पाइप ६ किलोचा. शिवाय आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकातला हा सहा किलोचा आकडा २७ अंश तापमानाला धरलेला आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ओढ्याच्या उथळ चरात पाइपला तेवढी थंड जागा मिळत नाही, आणि पीव्हीसी तापली की तिची ताकद कमी होते. चांगला पाइप असा दणका एकदा-दोनदा सोसतो. पण दिवसातून सहा वेळा लाईट जाते तिथं वर्षाला दोन हजारांवर दणके होतात. कुठल्या तरी जोडाला, कुठल्या तरी ओरखड्याला ते सापडतातच.

इथं बरेच जण म्हणतात, मग लोखंडी पाइप टाका. लोखंडी पाइपमध्ये लाटेचा वेग हजार मीटरच्या वर जातो, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या वेगाला दणका १० किलोच्या पुढे. पाइप टिकेलही, पण एनआरव्ही, पंपाचं बूड आणि जोड यांची गत होईल. दणका तसाच ठेवून पाइप बदलू नका.

खात्री कशी करायची: एक गेज आणि दहा मिनिटं

अंदाजावर पैसे घालवण्याआधी डोळ्यांनी बघा. ० ते १६ किलोचा, ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज आणा. हजार रुपयांच्या आत मिळतो. साध्या गेजचा काटा थरथरतो, नीट वाचता येत नाही. तो एनआरव्हीच्या पुढे, म्हणजे टाकीच्या बाजूला बसवा. बऱ्याच पंपघरांत गेज पंप आणि एनआरव्हीच्या मधे असतो. तिथं हा दणका दिसतच नाही, आणि त्या गेजवर विश्वास ठेवून लोक म्हणतात, दाब तर बरोबर आहे.

मामांनी आणि मी दुपारी लाईन पूर्ण भरून घेतली. टाकीत धार पडतेय असा फोन आला. काटा ५.४ वर. मी मोबाइलवर व्हिडिओ चालू केला, मामांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. काटा सरळ दीड किलोवर पडला आणि तिथं थांबला. पंपघरात एकदम शांतता. मी मनात सहा, सात मोजलं, आणि एनआरव्हीतून "धाड" असा आवाज आला. पायाखालचा कोबा हलला, छपराच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. काटा आठच्या पलीकडे उडाला, परत खाली, परत सहावर, असा चार-पाच वेळा झुलत शेवटी तीनवर येऊन थांबला. मामा म्हणाले, "ह्यो आवाज तर रोजचाच की." तो आवाज रोज पंपघरात व्हायचा आणि जखम नऊशे मीटरवर व्हायची, त्यामुळे दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात आला नव्हता.

व्हिडिओ काढायला विसरू नका. काटा इतका झटकन जातो की डोळ्यांना तो नक्की कुठपर्यंत गेला ते सांगता येत नाही.

त्याच गेजवर आणखी एक गोष्ट उरकून घ्या. मोटार बंद, लाईन भरलेली ठेवून टाकीजवळचा स्लुईस वॉल्व्ह (चाक फिरवून उघड-बंद करायचा वॉल्व्ह) बंद करा आणि अर्धा तास काटा बघा. स्थिर राहिला तर लाईन घट्ट आहे. हळूहळू उतरत गेला तर एनआरव्ही मागे पाणी सोडतोय, किंवा लाईनीत कुठंतरी न दिसणारी गळती आहे. चार किलो दाबाला तीन मिलिमीटरच्या भोकातून तासाला चारशे लिटरच्या आसपास पाणी जातं. काळ्या मातीत ते वर येतही नाही, भेगांतून खाली जिरतं.

एनआरव्ही उघडला, आणि मग माळावर गेलो

एनआरव्हीचं झाकण काढलं तर झडपेची पिन झिजून बारीक झालेली. झडप हाताने हलवली की अर्धा इंच डगमगत होती, आणि बसायच्या जागेचं रबर निम्मं गायब. अशी झडप आपल्या वजनाने बंद होत नाही, तिला उलटं पाणीच ढकलून बंद करतं. बंद होते ती आपटूनच. पिन आणि रबर बदलून भागतं का, तर छोट्या योजनेत काही महिने भागतं. पण आम्ही स्प्रिंगवाला एनआरव्ही घातला. स्प्रिंग पाणी थांबता थांबताच झडप ओढून घेते, त्याला उलटं पळायला वेळच देत नाही. माझ्या मते जिथं लाईट सारखी जाते तिथं लोंबत्या झडपेचा एनआरव्ही घालूच नये.

माळावर नकाशात एअर वॉल्व्ह दाखवलेला होता. शोधायला अर्धा तास गेला, कारण चेंबरवर घाणेरीचं झुडूप वाढलेलं. आत वॉल्व्ह होता, पण त्याच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकलेली, आणि ती निघू नये म्हणून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेली. शेजारच्या रानात एक आजी कांदा खुरपत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "म्याच बुजिवलं ते लेकरा. रातंदिस पानी उडायचं. कांदा नासला समदा. दोनदा सांगितलं ग्रामपंचायतीत, कुनी आलं न्हाई."

त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आतला रबरी बॉल खराब झाला होता, वॉल्व्ह सतत गळत होता, आणि एका म्हाताऱ्या बाईचं पीक जात होतं. पण त्या खुंटीमुळे लाईट गेली की माळावर हवा आत यायला जागाच उरली नाही. हवा आत आली असती तर पोकळी पडलीच नसती. पाणी सावकाश उतरलं असतं आणि परत येताना मधल्या हवेने गादीसारखं काम केलं असतं. उलट लाईट आल्यावर वर साठलेली हवा बाहेरही पडत नव्हती. त्यामुळे माळाच्या पुढे पाणी कमी जायचं आणि टाकी भरायला दीड पट वेळ लागायचा. टाकी भरायला लागणारा वेळ वाढत चाललाय, पंप तोच, विहिरीत पाणी भरपूर, अशी तक्रार असेल तर उंचवट्यावर हवा धरलीय हे पहिल्यांदा तपासा.

एअर वॉल्व्ह बदलताना दोन तोंडांचा घ्या. मोठं तोंड लाईन रिकामी होताना हवा आत घेतं आणि भरताना बाहेर सोडतं. लहान तोंड लाईन चालू असताना पाण्यातून सुटणारी थोडी थोडी हवा काढत राहतं. हवा आत घेणं आणि सोडणं दोन्ही करायचं असेल तर वॉल्व्हचा व्यास पाइपच्या साधारण आठव्या भागाइतका धरायचा ठोकताळा आहे. ११० च्या लाईनीला त्या हिशोबाने १५ मिलिमीटर येतो. आम्ही २५ चा बसवला. त्याच्या खाली बंद करायची कॉक हवीच, म्हणजे लाईन चालू ठेवून वॉल्व्ह साफ करता येतो. पण ती कॉक उघडी आहे ना, हे दर महिन्याला बघा. गळतो म्हणून कॉक बंद केलेले कितीतरी एअर वॉल्व्ह मी पाहिलेत. वरून सगळं शाबूत दिसतं आणि काम शून्य.

चेंबरला तळातून एक नळी काढून ती बांधावरच्या लिंबाच्या बुडाशी सोडली. वॉल्व्हने थोडं पाणी टाकलं तरी कांद्यात जाणार नाही. आजींना मामांचा नंबर दिला. त्यांनी तो घरात भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला.

ऑटोची वेळ

उरलेला अपराधी स्टार्टरवरचा ऑटो स्विच होता. लाईट येताक्षणी मोटार लागायची, तीही लाईट मिनिटात तीनदा ये-जा करत असेल तर तीनदा. लाईन अजून झुलतेय, माळावर अर्धवट हवा आहे, आणि त्यात पंपाने पूर्ण जोराने पाणी ढकललं की हवा दाबली जाते, वॉल्व्हचा बॉल टपकन वर बसतो आणि पाणी तिथल्या तिथे अडतं. पुन्हा दणका.

ऑटो काढून टाका असं मी म्हणणार नाही. रात्री तीनला लाईट येते, मामांनी अंधारात किती वेळा दोन फर्लांग चालत जायचं? आम्ही त्यात टायमर घातला. लाईट आल्यावर पाच मिनिटं सलग टिकली तरच मोटार लागते. तेवढ्यात लाईन शांत होते. शिवाय नेहमीचा नियम म्हणून, लाईन रिकामी झाल्यावर, म्हणजे दुरुस्तीनंतर किंवा मोठ्या खंडानंतर, पहिलं भरणं माणसानेच करायचं: पंपाजवळचा स्लुईस वॉल्व्ह पाव उघडा ठेवून, माळावरचा वॉल्व्ह फुसफुसायचा थांबेपर्यंत. मग हळूहळू पूर्ण उघडायचा. बंद करतानाही तसंच, आधी वॉल्व्ह आवळत आणायचा, मग बटण. हा सेंट्रिफ्युगल पंपाचा नियम आहे. वॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून मोटार जास्त वेळ चालवू नका, पाणी आतल्या आत तापतं.

एनआरव्ही, एअर वॉल्व्ह आणि टायमर झाल्यावर पुन्हा तीच गेजची परीक्षा घेतली. लाल बटण दाबलं, काटा पडला, आम्ही दोघं श्वास रोखून उभे. एनआरव्हीचा "टक्" एवढाच आवाज आला. काटा साडेचारच्या वर गेला नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

ओढ्याचं काम मग करा

दणका गेला तरी ओढ्यातली कच्ची जागा तशीच ठेवायची नाही. तिथं लाईन खाली उतरते आणि पुन्हा चढते, म्हणून दोन ४५ अंशांचे बेंड आहेत. बेंडवर पाणी पाइपला बाहेर ढकलतं. ८ किलो दाबाला ११० च्या ४५ अंशांच्या बेंडवर सुमारे ५८० किलोचा जोर येतो, म्हणजे ज्वारीची जवळजवळ सहा पोती. त्याला अडवायला तिथं नुसते दगड रचलेले होते. काँक्रीटचा ठोकळा टाकताना त्याची पाठ न उकरलेल्या, कोऱ्या मातीला टेकली पाहिजे. भरलेल्या मातीला टेकवला तर ठोकळ्यासकट बेंड सरकतो. जोड काँक्रीटमध्ये गाडू नका, पुढेमागे उघडावा लागतो.

ओढ्याच्या पात्रातले दोन पाइप आम्ही डीआयचे (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट लोखंडाचे) केले आणि वर दगडगोटे भरून झाकले. तो तुकडा बारा मीटरांचाच, त्यामुळे लाटेच्या हिशोबात फरक पडत नाही, पण पुरात वाहून येणारा दगड त्याला फोडत नाही. बाकीच्या चरात पाइपखाली आणि बाजूंनी चाळलेला मुरूम घातला. काळी माती पाइपला थेट लागू द्यायची नाही.

सॉल्व्हंटच्या जोडाबद्दल एकच सांगतो. चरात पाणी साचलेलं असताना, गाव वाट बघतंय म्हणून, जोड देऊन तासाभरात मोटार लावणं हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घात आहे. घाई असेल तर सॉल्व्हंटच्या भानगडीत पडू नका, रबर रिंगचा दुरुस्ती कपलर वापरा. आणि नव्या लाईनीचा शेवटचा जोड पहाटे द्या. पीव्हीसी शंभर मीटरला २० अंशांच्या फरकाने सुमारे १४ सेंटीमीटर लांब-आखूड होते. भर दुपारी ताणून जोडलेली लाईन रात्री थंड पाणी आलं की आखडते आणि जोडातून ओढली जाते.

पाणी सोडण्याआधी

फुटलेल्या लाईनीत चरातलं गढूळ पाणी शिरलेलं असतं. आणि दाब कोसळतो त्या काही सेकंदांत लाईन गळतीच्या प्रत्येक भोकातून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. फुटली नसली तरी. गावातल्या वितरणाच्या लाईनीलाही हेच लागू आहे, पाण्याची पाळी बंद झाल्यावर गटाराच्या कडेची गळती आत चोखते. नळाला पहिली दोन मिनिटं मातकट पाणी येत असेल तर त्या गल्लीत गळती आहे, आणि ते पाणी कुणाच्या तरी घरात तान्ह्या लेकराला पाजलं जातंय. हे काम उद्यावर ढकलू नका.

दुरुस्तीनंतर ओढ्यातला वॉशआउट (लाईन धुऊन रिकामी करायचा वॉल्व्ह) उघडून पाणी नितळ होईपर्यंत सोडून द्या. पाणी वाया जातंय म्हणून लोक बोलतील, बोलू द्या. टाकीत नेहमी हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालत असाल तर त्या दिवशी तेवढी पुरत नाही, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पावडरही जुनी, गाठी झालेली नको. त्यात क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलं असेल तर ती घालून न घातल्यासारखीच. पावडर बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा, मग पाळी सोडा.

आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, टाकीखालच्या नळावर करून मोकळं होऊ नका. लाईनीच्या अगदी टोकाच्या घरी जा. त्या गावात ते घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आहे, पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचतं. तिथल्या नळाचं पाणी नळीत घ्या, ओटीचे थेंब टाका आणि रंग तक्त्याशी जुळवा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. पिवळा रंग आला नाही तर पाळी तिथंच थांबवा, टाकीत पावडर वाढवा, आणि अर्ध्या तासाने त्याच घरी पुन्हा जा.